मज्जारज्जूला इजा झाल्यावर स्टेम सेलमुळे पुन्हा चालता येते का?

आज तरी खात्रीने नाही. पण आशा निराधारही नाही.

मणक्याचे हाड जुळते, आतला मज्जारज्जू मात्र स्वतःहून जुळत नाही. मार बसला की चेतातंतू तुटतात, पुढच्या काही दिवसांत सूज येऊन आजूबाजूच्या आणखी पेशी मरतात आणि तिथे व्रण तयार होतो. नवे तंतू त्या व्रणातून सहसा पलीकडे जात नाहीत. बाहेरून सोडलेल्या स्टेम सेलनी, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींनी, मेलेल्या पेशींची जागा घ्यावी, उरलेल्या तंतूंवर मायलिनचे (संदेश वेगाने जाऊ देणारे) आवरण चढवावे, निदान वाचलेल्या पेशींना आधार द्यावा, ही यामागची कल्पना.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो जपानच्या केइओ विद्यापीठातला प्रयोग. आयपीएस पेशींपासून (शरीरातल्या साध्या पेशी प्रयोगशाळेत बदलून केलेल्या स्टेम सेलपासून) तयार केलेल्या प्रत्येकी सुमारे २० लाख पेशी, इजा होऊन दोन ते चार आठवडे झालेल्या चार रुग्णांना दिल्या. २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: दोघांत सुधारणा दिसली, त्यातला एक आधाराशिवाय उभा राहू लागला. गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत. पण रुग्ण फक्त चार, आणि अशा इजेत थोडी सुधारणा आपोआपही होते. त्यामुळे श्रेय पेशींचे किती, हे ठरायला मोठ्या चाचण्या लागतील.

इजा जुनी असेल तर काम आणखी अवघड, कारण व्रण पक्का झालेला असतो.

आणि कृपा करून, ‘हमखास गुण’ सांगून पैसे घेणाऱ्या क्लिनिककडे जाऊ नका. अशा उपचारांनंतर मज्जारज्जूत गाठी वाढल्याच्या नोंदी आहेत. खऱ्या चाचणीत सहभागासाठी सहसा पैसे घेत नाहीत. फिजिओथेरपी मात्र एक दिवसही थांबवू नका.