आधी फ्रेम, मग सेन्सर

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

खंभातच्या आखातात प्रवाह मोजायचा तुझा आराखडा वाचला. जळगावात बसून हे जमेल का, असं विचारतेस. जमेल. आपली तापी सुरतेपुढे त्याच आखाताला मिळते. आणि पाण्याखाली टिकणारा केबलचा जोड शिकायचा तर रावेर-यावलकडचे सबमर्सिबल मोटारी दुरुस्त करणारे गाठ. फक्त खारं पाणी बोअरच्या पाण्यासारखं गरीब नसतं; तांब्याच्या तारेत एकदा शिरलं की आतल्या आत खात जातं.

आराखड्यातली बहुतेक पानं सेन्सरवर खर्ची पडलीत, यंत्र तळाशी धरून ठेवणाऱ्या फ्रेमला जेमतेम परिच्छेद. ध्वनीवर चालणारा प्रवाहमापक तयार मिळतो. तो आवाज सोडतो, पाण्यातल्या कणांवर आपटून आलेल्या आवाजाची वारंवारता किती बदलली ते पाहतो आणि वेग काढतो. खरी कसोटी आहे त्याला तळाशी सरळ बसवून ठेवण्याची. भावनगरकडे उधाणाला भरती-ओहोटीत 10 मीटरच्या आसपास फरक पडतो. एवढं पाणी काही तासांत आत-बाहेर करणार, म्हणजे ओढ कसली असेल बघ. सेकंदाला 3 मीटर वेग धरलास तर प्रवाहाला आडव्या धरलेल्या चौरस मीटरभर पत्र्यावर पाचशे-साडेपाचशे किलोचा रेटा येतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट.

मग वजन वाढवू म्हणशील. 100 किलो काँक्रीट समुद्रात जेमतेम 57 किलो भरतं. लोखंड 87 भरेल, पण दिशा कळण्यासाठी यंत्रात असलेलं होकायंत्र फिरवेल आणि प्रवाहाची दिशाच खोटी येईल. शिसं 91 भरतं, होकायंत्रालाही त्रास देत नाही. महाग आहे, तरी मी शिसंच घेईन. पायांखालची वाळू वाहून फ्रेम कलते, तेव्हा कल मोजणारा सेन्सर हवाच. गाळ फार असला तर आवाज वाटेतच विरतो. वरच्या, म्हणजे यंत्रापासून लांबच्या, थरांचे आकडे संशयाने बघायचे.

आता जाळी. त्या किनाऱ्यावर डोल, म्हणजे प्रवाहात रोवलेली पिशवीसारखी जाळी, लावणारे आहेत, ट्रॉलर आहेत. फ्रेमच्या बाजू उतरत्या ठेव, म्हणजे जाळं अडकण्याऐवजी वरून घसरेल. जागा ठरवण्याआधी तिथल्या तांडेलांना, म्हणजे होड्यांच्या म्होरक्यांना, भेट. पाणी कधी थांबतं, कुठे जाळी लागतात, हे ते उभ्या उभ्या सांगतील. नकाशावर ते नाही. त्यांना न विचारता ठेवलेलं यंत्र कुणाच्या तरी जाळ्यात वर येतं, आणि नुकसान दोघांचंही होतं.

हतनूर धरणाच्या कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटेल तेव्हा पाटबंधारेवाल्यांची परवानगी काढून रिकामी फ्रेम उतरव. एकटी जाऊ नकोस, अस्तरावरून पाय घसरतो. यंत्राच्या जागी तेवढाच डबा, आत मोबाइलमध्ये असतो तसला स्वस्त कलमापक. तिथे वेग सेकंदाला मीटरभर मिळाला तर रेटा आखातातल्याच्या नवव्या हिश्शाएवढाच असेल, म्हणून शिसंही नवव्या हिश्शाचंच घाल. तेवढ्यावर फ्रेम किती कलली, याचा आलेख पाठव. तो आल्याशिवाय सेन्सरच्या मागणीपत्रावर मी सही करणार नाही.

तुझा,
सर