नारिंगी मुळं आणि वहीतली उभी रेघ

कॉस्मेटॉलॉजी, म्हणजे केस-त्वचेच्या सौंदर्याचं काम, शिकणारी मुलं-मुली माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा सुरुवात कुठूनही होवो, पाचव्या-सहाव्या वाक्याला गाडी एकाच ठिकाणी येते. “हात बसत नाहीये. माझ्यात नाहीच ते.” अभ्यासात कच्चे असलेले हे म्हणतात, तसे पहिल्या नंबरवालेही. ते जरा जास्तच.

ही त्यांच्यातलीच. घरच्यांचा विरोध पत्करून कोर्सला गेली आणि सातव्या महिन्यात तो सोडायला निघाली. निमित्त एका बाईंच्या गडद केसांचं. ते फिके करताना मुळं भडक नारिंगी झाली, टोकं तपकिरीच राहिली. शिक्षिका सगळ्यांदेखत बोलल्या. घरी बाबा एवढंच म्हणाले, “तुला सांगितलं होतं.”

पहिल्या दोन भेटी रडण्यात गेल्या. जाऊ दिल्या. तिसऱ्या भेटीत कोरी वही पुढे केली, पानाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे काय घडलं ते लिही, उजवीकडे स्वतःला काय म्हणालीस ते.

डावी बाजू भराभर भरली. ब्लीचमध्ये मिसळायचा डेव्हलपर २० व्हॉल्यूमचा, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइडचा, ते बरोबर होतं. पण मिश्रण मुळांपासून लावायला घेतलं. डोक्याच्या उबेने ते तिथे लवकर काम करतं, म्हणून आधी कधी रंग न लागलेल्या केसांत मुळं अर्धा इंच सोडून शेवटी लावायची असतात. गडद केस फिका होताना आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा दिसतो. मुळं नारिंगीपर्यंत पोचली, बाकीचा केस मागे राहिला. निळ्या छटेच्या टोनरने, म्हणजे नको ती छटा मारणाऱ्या हलक्या रंगाने, नारिंगी दबला असता, पण घाबरून सगळं धुऊन टाकलं.

उजवीकडे एकच ओळ. माझ्यात नाहीच ते.

मोठ्याने वाचायला सांगितलं. डावं पान वाचताना तिचा आवाज वर्गात शिकवणाऱ्या बाईंसारखा झाला होता.

“डावीकडच्या चुकांचं काय करशील?”

“मुळं शेवटी लावीन. टोनर आधीच काढून ठेवीन.”

“आणि उजवीकडच्या ओळीचं?”

ती बराच वेळ वहीकडे बघत बसली. मला खरं तर सगळं समजावून सांगायची घाई झाली होती. गप्प राहिले, आणि त्याचा मला आजही आनंद आहे.

“मॅडम, हिचं काही करताच येत नाही.”

मी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांत वाढले. गुण कृतीला द्यावेत, माणसाला नाही, असं तो सांगे. माझं हे शंभरदा सांगून झालं असेल, पण केसाच्या नारिंगी मुळातून कुणी तिथवर पोचलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या भेटीला बाबांना बोलावलं. “यात शिकण्यासारखं असतं तरी काय?” त्यांनी विचारलं. मी तिला डावं पान वाचायला लावलं. ऐकता ऐकता ते मध्येच म्हणाले, “मग वरून टोपी घातली तर अजून लवकर होईल?” होतं तसं. बापलेक त्यावर दहा मिनिटं बोलले, मी चहा घेतला.

या वाटेला येणाऱ्यांना माझं सांगणं आहे की हाताची काळजी दुसऱ्या नंबरवर ठेवा. हात सरावाने बसतो. आधी प्रशिक्षण संस्थेत विचारा, पुतळ्याच्या डोक्यावर किती काम आणि जिवंत माणसावर किती? चुकलं तर शेजारी उभं राहून दुरुस्त कोण करून घेतं? त्वचेचे आजार ओळखायला शिकवतात का? टाळूवर गजकर्ण दिसलं तर काम थांबवून डॉक्टरकडे पाठवता आलं पाहिजे, आणि गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणणं कात्रीपेक्षा अवघड असतं. अवजारं आधी धुऊन मग जंतुनाशकात पूर्ण वेळ बुडवायची शिस्त नसेल तर तिथून उठा. दिवसभर उभं राहणं, मनगट, सतत ओल्या हातांना होणारा त्वचादाह हेही याच धंद्यातलं आहे. हातमोजे पहिल्या दिवसापासून घाला.

शेवटच्या भेटीत ती माझ्या डोक्याकडे निरखून बघत होती.

“मॅडम, तुम्ही घरीच डाय लावता ना? ४८ तास आधी कानामागे थोडा लावून ॲलर्जी येते का बघायची पॅच टेस्ट करता?”

मी वही शोधायचं निमित्त केलं.

“करत नाही तुम्ही,” ती म्हणाली. “उजवीकडे काही लिहू नका. फक्त करा.”