जुन्या सामानाच्या विक्रीत फिल्म कॅमेरे आणि लेन्स स्वस्तात कसे मिळवायचे? घेताना काय बघायचं?

स्वस्तात हवं असेल तर कॅमेऱ्याच्या नावामागे धावू नका, त्याला कुठली लेन्स लावलीये ते बघा. विकणारा बहुतेक वेळा घरातली अडगळ काढत असतो, बंद पडलेला कॅमेरा म्हणजे त्याच्या लेखी भंगार, आणि त्या भंगाराला पुढे एखादी टाकुमार नाहीतर हेलिओस ४४ सारखी मागणी असलेली जुनी लेन्स तशीच लावलेली असते. कॅनन एई-१, पेंटॅक्स के१०००, ऑलिंपस म्यू ही नावं आता सगळ्यांनाच पाठ झालीयेत, त्यामुळे ती स्वस्तात मिळायचे दिवस गेले. त्यापेक्षा रिको, चिनॉन, कोसिना असली नावं बघा. त्यातल्या बऱ्याच बॉडींना (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याला) पेंटॅक्सचाच के माउंट, म्हणजे लेन्स बसवायची जोडणी, असतो, म्हणजे लेन्स त्याच लागतात आणि नाव वेगळं म्हणून भाव कमी.

आधी एकदोन माउंट नीट शिकून घ्या, सगळे शिकायला जाऊ नका. माझं मत एम४२, म्हणजे ४२ मिमीचा आटेवाला माउंट. झेनिट, प्राक्टिका, पेंटॅक्स स्पॉटमॅटिक यांना तोच आहे, त्यामुळे लेन्सचा साठा प्रचंड आहे. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर साध्या अडॅप्टरने काहीही बसतं. कॅननच्या ईएफ माउंटच्या डीएसएलआरवर (आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) एम४२ छान चालते, लांबचा फोकसही मिळतो, पण निकॉनच्या डीएसएलआरवर मध्ये काच असलेला अडॅप्टर लागतो नाहीतर लांबचं काही फोकसच होत नाही. कॅननच्याच जुन्या एफडी लेन्सची कॅननच्याच डीएसएलआरवर हीच गत, हे लोकांना घरी गेल्यावर कळतं.

खिशात छोटा टॉर्च हवाच. अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, पूर्ण उघडा, मागून उजेड टाका आणि पुढून तिरकं बघा. धूळ असली तरी असू दे, जुन्या लेन्समध्ये ती असणारच आणि फोटोत दिसत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर फंगस, ती लेन्स ठेवून द्या, फारच फुकटात मिळत असेल आणि उघडून साफ करायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. सगळी काच धुरकट दिसत असेल तर फोटो फिके येतात. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा चालतो, मागच्या काचेवरचा जास्त त्रास देतो. मग ब्लेड्स, म्हणजे अपर्चर लहानमोठं करणारी पाती. एम४२ लेन्सच्या मागे बहुतेक वेळा एक छोटी पिन असते, रिंग एफ/१६ वर ठेवून ती बोटाने दाबा-सोडा, पाती चटकन हलली पाहिजेत, सुस्तावली असतील तर तेल उतरलंय. आणि सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ ची काच पिवळट दिसली तर घाबरू नका, उलट त्याच कारणावरून भाव पाडून मागा. तिच्या काचेत थोरियम आहे (थोडी किरणोत्सारी असते, वापरायला हरकत नाही), ती काळाने पिवळी पडते आणि यूव्ही दिव्याखाली किंवा उन्हात काही दिवस ठेवली की बरीचशी साफ होते.

बॉडी बघताना मागचं झाकण लगेच उघडू नका! रिवाइंडचा खुंटा बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा, अडतोय असं वाटलं तर आत रोल आहे. नसेल तर झाकण उघडा, एक सेकंदावर शटर मारा, बिघाड आधी संथ स्पीडवर दिसतो, मध्येच अटकलं तर दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्यापेक्षा जास्त जाईल. झाकणाचा काळा फोम चिकट झालेला असला तरी चालेल, तो घरी बदलता येतो.

खरा फायदा "बंद आहे" म्हणून सांगितलेल्या कॅमेऱ्यांत असतो. एई-१ चं शटर बॅटरीशिवाय मुळी उडतच नाही, तेव्हा त्याच्यासाठी ६ व्होल्टचा एक ४एलआर४४ सेल आणि इतर कॅमेऱ्यांसाठी दोनतीन एलआर४४ बरोबर ठेवा, बरेचदा मेलेला असतो तो फक्त सेल. सेलच्या खणात पांढरं-हिरवं साचलं असेल तर थोडं असल्यास व्हिनेगरने निघतं, आत वायरपर्यंत गेलं असेल तर सोडा. ऑलिंपस ट्रिप ३५ ला सेलच लागत नाही, रिंग ए (ऑटो) वर ठेवून लेन्सभोवतीची खडबडीत काच हाताने झाका आणि शटर दाबा, व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर आली आणि शटर उडालं नाही तर उजेड मोजणारा मीटर जिवंत आहे.

काही गोष्टी कितीही स्वस्त असल्या तरी वापरायला घेऊ नका. एपीएस कॅमेरे, कारण त्यांना लागणारी वेगळ्या प्रकारची फिल्म २०११ मध्येच बंद झाली. सोनेरी "लायका" दिसला तर तो बहुतेक रंगरंगोटी केलेला झॉर्की किंवा फेड, म्हणजे लायकाची सोव्हिएत नक्कल, असतो, शोभेला ठेवायचा तर ठेवा. उलट १९८७ नंतरचे प्लास्टिकचे कॅनन ईओएस कोणी हातात पण घेत नाही, आणि त्यांच्या लेन्स ईओएस डीएसएलआरवर जशाच्या तशा लागतात.

भाव करताना लेन्सकडे बोट दाखवून किंमत विचारू नका, अख्खी बॅग केवढ्याला ते विचारा. तळाशी फिल्टर, हूड, एक्स्टेन्शन ट्यूब काय काय निघतं. आणि हा शेवटचा कधी वापरला होता हे सहज गप्पा मारत विचाराच, कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्यापेक्षा हातातला कॅमेरा केव्हाही बरा.

तुमच्याकडे डिजिटल बॉडी कुठली आहे ते कमेंटमध्ये लिहा, म्हणजे माउंटचं नेमकं सांगता येईल.