अंथरूण ओलं होतं म्हणून शिबिर चुकवायचं का?

प्रिय ताई,
माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. सहा आठवड्यांनी मित्रांसोबत आठ दिवसांच्या निवासी शिबिराला जायचं म्हणून हटून बसलाय. अडचण अशी, की आठवड्यातून एक-दोनदा तो अजूनही झोपेत अंथरूण ओलं करतो. त्याचे बाबा म्हणतात, शिबिरवाल्यांना हे कळू द्यायचं नाही, उगाच चेष्टा होईल. तो आमच्याशिवाय एकही रात्र कुठे राहिलेला नाही. धीर यावा म्हणून मी त्याला सांगून ठेवलंय, ‘करमलं नाही तर फोन कर, मी लगेच घ्यायला येते.’ पाठवू की या वर्षी थांबू?
– एक आई

जायचं तो स्वतः म्हणतोय, तेव्हा पाठवा. ढकलून पाठवलेलं मूल आणि हट्टाने निघालेलं मूल यात फार फरक असतो. पण निघण्याआधी दोन गोष्टी बदलाव्या लागतील. शिबिराच्या लोकांना सांगायचं, आणि ‘घ्यायला येते’ हे वचन मागे घ्यायचं.

आधी अंथरुणाचं. दहाव्या वर्षी शंभरातल्या साधारण पाच मुलांना हा त्रास असतो. चाळीस मुलांच्या शिबिरात असं आणखी एखादं मूल असण्याची शक्यता बरीच आहे आणि अनुभवी शिबिरप्रमुखाला तुमचा फोन नवा वाटणार नाही. हे मुलालाही सांगा. यात त्याची चूक नाही, आळस तर नाहीच. झोप गाढ असते आणि मूत्राशय भरल्याचा निरोप त्याला उठवू शकत नाही, इतकंच. मात्र कोरडेपणा चांगला स्थिरावल्यावर हे पुन्हा सुरू झालं असेल, किंवा दिवसाही कपडे ओले होत असतील, तहान फार लागत असेल, लघवीला जळजळ होत असेल, तर शिबिराचं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

लपवण्याचा तोटा असा. पहाटे चार वाजता ओल्या स्लीपिंग बॅगमध्ये जागा झालेला मुलगा कोणाला उठवणार? कोणालाच नाही. तो तसाच पडून राहील, सकाळी बॅग गुंडाळून कोंबून ठेवेल आणि दुपारपर्यंत वासाने सगळ्यांना कळेल. चेष्टा होते ती इथे. शिवाय जे गुपित फुटण्याची मुलाला धास्ती असते, त्याच्या जोरावर त्याला कोणीही धमकावू शकतं, मोठा मुलगाही आणि मोठा माणूसही. सांगितलेल्या गोष्टीत ती ताकद उरत नाही. फक्त सगळ्यांना सांगायची गरज नाही. शिबिरप्रमुख, त्याचा गटप्रमुख आणि औषधं सांभाळणारी व्यक्ती, एवढ्या तिघांना पुरे. कोणाकोणाला सांगणार, हे मुलाला आधी सांगा आणि त्याची संमती घ्या.

त्यांच्याकडून नेमकं मागून घ्या. खालचा पलंग, दाराजवळचा. झोपण्याआधी सगळ्यांनाच स्वच्छतागृहात नेण्याची पद्धत, म्हणजे तो एकटा उठून दिसत नाही. आणि ओलं झालंच तर एक ठरलेली खूण. म्हणजे, ‘माझा टॉर्च सापडत नाही’ असं तो गटप्रमुखाला सकाळी म्हणाला, की इतर मुलं नाश्त्याला गेल्यावर बॅग हलवली जाईल, धुतली जाईल आणि काही न बोलता जागेवर येईल. शिबिरप्रमुख हे ऐकून कुरकुरला, किंवा ‘इथे शिस्त लागली की जाईल ते’ म्हणाला, तर दुसरं शिबिर बघा.

सामानात गडद रंगाची, सिंथेटिक भरणाची स्लीपिंग बॅग घ्या. ती लवकर वाळते. प्लास्टिकची चादर रात्रभर कुरकुर वाजते, म्हणून कापडी वरचा थर असलेली जलरोधक चादर बॅगेच्या आत घाला. रात्रीच्या पायजम्याचे तीन जोड, तिन्ही एकाच रंगाचे. मध्यरात्री बदलला तरी सकाळी कोणाच्या लक्षात येत नाही. तो डायपर पँट वापरत असेल तर ती बॅगेच्या तळाशी आधीच सरकवून ठेवायची आणि आत शिरल्यावर, पडल्यापडल्या चढवायची. सकाळी आतच काढून आरपार न दिसणाऱ्या, झिप असलेल्या पिशवीत. वाचताना सोपं वाटतं, पण अंधारात, चेन लावलेल्या बॅगेत हे जमायला चार-पाच रात्री लागतात. घरी सराव करून घ्या, दिवा बंद करून.

पाण्यावर बंदी घालू नका. दिवसभर पळणाऱ्या मुलाला पाणी हवंच. मोठा वाटा दुपार संपेपर्यंत, संध्याकाळनंतर पाचवा हिस्सा, असं बसवा. झोपण्याआधी दोनदा लघवीला जायचं, मध्ये दहा-पंधरा मिनिटं सोडून. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे बद्धकोष्ठता. परक्या जागी मुलं शौचाला जायचं टाळतात, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं आणि घरी आठवड्यातून एकदा होणारं तिथे रोज होऊ लागतं. नाश्त्यानंतर रोज शौचाला बसायचं, ही सवय आजपासून लावा.

ओल लागताच वाजणारा अलार्म चांगला उपाय आहे, पण त्याला दोन-तीन महिने लागतात आणि तो सगळी खोली उठवतो. तो शिबिरानंतर सुरू करा. आठ दिवसांपुरती डेस्मोप्रेसिनची, म्हणजे रात्री लघवी कमी तयार होऊ देणारी, गोळी डॉक्टर देऊ शकतात. मात्र ती पहिल्यांदा शिबिरात घ्यायची नाही. लागू पडते का, किती लागते, हे आधी घरी कळायला हवं, म्हणून याच आठवड्यात भेट घ्या. गोळीच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी जेमतेम घोटभर. जास्त प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, उलट्या होतात आणि झटकेही येऊ शकतात. उलट्या-जुलाब किंवा ताप असेल त्या रात्री गोळी द्यायची नाही. हे सगळं कागदावर लिहून, औषध मूळ पाकिटात, शिबिराच्या ताब्यात द्या.

आता त्या वचनाचं. तुम्ही मायेने दिलंत, पण मुलाला त्यातून ऐकू येतं, ‘तुला हे झेपेल असं आईलाही वाटत नाही.’ मग पहिल्या संध्याकाळी गळा दाटून आला की तो जमवून घेण्याऐवजी फोन शोधू लागतो. तुम्ही गेलात तर तो हरल्यासारखा परततो, नाही गेलात तर तुमचा शब्द खोटा ठरतो. त्याऐवजी म्हणा, ‘घरची आठवण येईल, जवळजवळ सगळ्यांना येते. आली की गटप्रमुख दादाला सांग, कोणाबरोबर तरी खेळायला लाग, मला पत्र लिही. पहिले दोन दिवस जड जातात, मग हलकं होतं.’ आठवण जेवताना, दुपारच्या निवांत वेळी आणि दिवे मालवल्यावर जास्त येते, हेही सांगा, म्हणजे ती आल्यावर तो घाबरणार नाही.

या सहा आठवड्यांत त्याला दोनदा नातेवाइकांकडे राहायला पाठवा. आधी एक रात्र, मग सलग दोन-तीन, फोनशिवाय. परतल्यावर कोणत्या वेळी जड गेलं आणि तेव्हा काय केलं, ते विचारा. निघताना पत्ता लिहिलेले चार लिफाफे द्या. तुमच्या पत्रांत ‘तुझ्याशिवाय घर खायला उठतं’ असं काही नको. तो काय करतोय ते विचारा, घरी सगळं ठीक आहे एवढं कळवा.

पैसे भरण्याआधी शिबिराला थोडं खोदून विचारा. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या मानकांत 9 ते 14 वर्षांच्या आठ मुलांमागे निवासी शिबिरात एक गटप्रमुख धरला आहे. तो आकडा मोजपट्टी म्हणून वापरा. रात्री मोठी माणसं कुठे झोपतात? एकच मोठा माणूस आणि एकच मूल बंद दाराआड राहणार नाही, असा नियम आहे का? पाण्यात उतरण्याआधी पोहण्याची परीक्षा घेतात का, काठावर जीवरक्षक असतो का? रुग्णालय किती मिनिटांवर आहे? उत्तरं गोलमोल आली तर थांबा.

फोन आलाच तर रडण्याने विरघळू नका, गटप्रमुखाशी बोला. दिवसा खेळतो, जेवतो आणि रात्री रडतो, तर राहू द्या. दोन दिवस नीट खात नाही, झोपत नाही, खेळात येतच नाही, किंवा कोणी मारल्याचं, नकोसा स्पर्श केल्याचं सांगतोय, तर निघा. तिथे वचनाचा प्रश्नच नाही.

परत आल्यावर पहिला प्रश्न अंथरुणाचा नको. भरपूर झोपू द्या. त्याची बॅग तो झोपला की उघडा.