नॅनोपार्टिकलच्या मागे लागायच्या आधी

अगं, तुझी मेल वाचली. मिथिलीन ब्लू हा डाय (रंग) आणि लाल एलईडीचा उजेड मिळून सुटे स्यूडोमोनास बॅक्टेरिया पटापट मरतात, त्यांच्या बायोफिल्मवर (चिकट थरात एकत्र वाढलेल्यांवर) मात्र जेमतेम १ लॉग, म्हणजे दहापट, कमी होतो, आणि स्ट्रेन कार्बापेनेम-रेझिस्टंट आहे, म्हणजे त्या अँटिबायोटिकला दाद देत नाही, म्हणून आता नॅनोपार्टिकल (अतिसूक्ष्म कण) बनवायचेत तुला. जरा थांब.

मला नाही वाटत रेझिस्टन्समुळे अडलंय. उजेड पडला की डाय सिंगलेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचं जहाल रूप) बनवतो, तो मेम्ब्रेन, प्रोटीन, डीएनए सगळ्यांवरच हल्ला करतो, कार्बापेनेम तोडणारं एन्झाइम त्याचं काय वाकडं करणार? सेन्सिटिव्ह (औषधाने मरणाऱ्या) स्ट्रेनची बायोफिल्म शेजारी लाव, ती पण तशीच चिवट निघाली तर घोळ थराचाच आहे. डाय, उजेड आणि ऑक्सिजन एकाच जागी एकाच वेळी लागतात, आणि त्या चिकट थरात खाली जाता जाता तिन्ही कमी होतात. वर सिंगलेट ऑक्सिजन पाण्यात टिकतो काही मायक्रोसेकंद, लांब जातच नाही, म्हणजे डाय वरच अडकला तर वरचेच मरणार. डाय किती खोल जातो ते कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली (थराची खोली दाखवणाऱ्या) बघ ना, मिथिलीन ब्लू स्वतःच फ्लुओरेसंट आहे, म्हणजे चमकतो.

डाय वाढवून बघायचा मोह सगळ्यांना होतो पण त्याने उलटंच होतं, वरचा गडद थरच उजेड खाऊन टाकतो, शिवाय डायचे रेणू जोडीने चिकटले की शोषण ६६५ नॅनोमीटरवरून ६१० च्या आसपास सरकतं आणि तुझा एलईडी वाया. डायचा शोषण-स्पेक्ट्रम काढ, पाच मिनिटांचं काम आहे.

मग स्वस्तातले उपाय: डाय जास्त वेळ मुरू दे, बाहेरची मेम्ब्रेन सैल करायला थोडं ईडीटीए (धातूचे आयन पकडणारं रसायन) घाल, उजेड मधे मधे बंद करून दे म्हणजे ऑक्सिजन परत भरतो. माझा सगळ्यात आवडता पोटॅशियम आयोडाइड, त्यातून आयोडीन तयार होतं आणि ते लाइट बंद केल्यावरही मारत राहू शकतं. अर्थात उद्या हे खऱ्या जखमेवर वापरलं तर तिथल्या प्रोटीनपुढे हा जोर किती उरतो ते सीरम (रक्तातला प्रोटीनवाला द्रव) घालून तपासायलाच हवं, नुसत्या बफरमधल्या आकड्यांवर मी तरी भरवसा ठेवत नाही.

आणि क्रिस्टल व्हायोलेट या रंगाने किती मेले ते मोजू नकोस बाई, ते मेलेल्यांना पण रंगवतं. थर खरवडून सीएफयू (प्लेटवर वाढणाऱ्या जिवंत वसाहतींची संख्या) काढ, नुसता डाय, नुसता उजेड, नुसतं आयोडाइड असे सगळे कंट्रोल (तुलनेचे नमुने) लाव, २४ तासांनी परत वाढ होते का तेही बघ. मोजणीसाठी डायल्युशन करताना हूडमधली (कामाच्या बंदिस्त कपाटातली) ट्यूबलाइट बंद ठेव, नाहीतर तुझा डार्क कंट्रोल (उजेड न दिलेला नमुना) डार्क राहणारच नाही. स्पेक्ट्रम आला की पाठव, नॅनोपार्टिकलचं मग बोलू.