घरखर्चाची प्रश्नोत्तरे : कात्री कुठे लावायची?

महागाई आणि घरखर्च यांवर आलेल्या पत्रांत एक तक्रार वारंवार दिसली : काटकसर चालूच आहे, तरी महिनाअखेर हातात काही उरत नाही. बऱ्याचदा कात्री डोळ्यांना दिसणाऱ्या खर्चाला लागते आणि गळती भलतीकडेच असते. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत आधी मोजणी आहे, उपाय नंतर.

प्रश्न : घरात नवे उपकरण आलेले नाही. दिवे, पंखे आठवणीने बंद करतो. तरी विजेचे बिल चढतेच आहे. वीज कुठे जाते ते घरच्या घरी कसे शोधावे?

दर वाढला की वापर वाढला, हे आधी वेगळे करा. बिलाची रक्कम बाजूला ठेवा, युनिट घ्या आणि बिल जितक्या दिवसांचे आहे तितक्या दिवसांनी भागा. एक बिल २८ दिवसांचे आणि पुढचे ३४ दिवसांचे असेल, तर नुसत्या युनिटांची तुलना फसवते. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा. रोजचे युनिट तेवढेच निघाले तर वाढ दराची आहे, घरातल्या कुणाच्या हलगर्जीपणाची नाही.

युनिट वाढलेले असतील तर मीटरपाशी चला. इलेक्ट्रॉनिक मीटरवर बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्या शेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. तितक्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट पडले. घरातली सगळी उपकरणे नेहमी करता तशीच 'बंद' करा, फ्रिजचे बटणही थोडा वेळ बंद ठेवा, आणि लागोपाठच्या दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. मीटरवर ३२०० असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, १६०० असेल तर २२५० ला. येणारा आकडा म्हणजे त्या क्षणी ओढली जाणारी वीज, वॅटमध्ये. समजा ३२०० च्या मीटरवर दर ४५ सेकंदांनी दिवा लुकलुकला. म्हणजे २५ वॅट. कुणी काही वापरत नसताना हे २५ वॅट दिवसाला ०.६ युनिट आणि ३० दिवसांत १८ युनिट खातात. राउटर, इन्व्हरटर, रिमोटने बंद केलेला टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, सॉकेटमध्ये राहिलेले चार्जर अशांची ती बेरीज असते. एकेकाचा प्लग काढून पुन्हा सेकंद मोजा, म्हणजे कोण किती खातो ते कळेल.

काही मीटरांवर भार शून्य असला की दिवा न लुकलुकता स्थिर पेटून राहतो. त्यात बिघाड नाही. पण घराचा मेन स्विच पाडल्यावरही दिवा लुकलुकत राहिला, तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये गळती आहे किंवा तिथून दुसरी जोडणी गेलेली आहे. मीटरला हात लावू नका. वीज कंपनीला कळवा आणि परवानाधारक वायरमनला दाखवा.

खरी खादाड गोष्ट म्हणजे उष्णता. पाणी तापवण्याचा हिशोब सोपा आहे : लिटर गुणिले तापमानातली वाढ, भागिले ८६० म्हणजे युनिट. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेले की ०.६१ युनिट लागले. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज ५ तास लावला तर तेवढ्या विजेवर तो तेरा दिवसांहून जास्त चालतो. त्यामुळे दिवा विसरला म्हणून मुलांना बोलण्याआधी गीझर किती वेळ चालू राहतो ते बघा. २००० वॅटच्या गीझरला वरचे पाणी तापवायला १८ ते २० मिनिटे पुरतात. तो तासभर चालू राहिला तर पुढचा सगळा वेळ टाकीतून निसटणारी उष्णता भरून काढण्यात जातो. मात्र साठवणीच्या गीझरचा थर्मोस्टॅट (तापमान ठरवणारे बटण) ६० अंशांच्या खाली आणून बचत करू नका. कोमट पाण्यात लेजिओनेला जातीचे, न्यूमोनिया करणारे जिवाणू वाढू शकतात. चालू ठेवण्याचा वेळ कमी करा, तापमान नको.

प्रश्न : फ्रिज जुना आहे. बदलला तर बचत होईल का?

आधी दाराचे रबर तपासा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. अडखळत आली तर रबर ठीक. सहज सरकली तर त्या जागी बाहेरची उष्ण, दमट हवा आत शिरते आहे. चारी बाजूंना असे करा, बिजागरीची बाजू बहुधा राहून जाते. रबर साबणाच्या पाण्याने पुसा आणि दबलेल्या जागी गरम पाण्यात पिळलेले फडके थोडा वेळ धरा. पुष्कळदा ते पुन्हा फुगते. फाटले असेल तर बदलायलाच हवे. मागची जाळी धुळीने भरली असेल तर प्लग काढून ब्रशने साफ करा. एवढे झाल्यावर रात्री बाकी सगळे बंद ठेवून फक्त फ्रिज चालू ठेवा आणि मीटरवरचे युनिट झोपताना व सकाळी वाचा. दिवसाचा आकडा काढा, नव्या फ्रिजच्या लेबलवरच्या वार्षिक युनिटांशी ताडा, आणि फरकाच्या पैशांत नव्याची किंमत किती वर्षांत फिटते ते पाहा. दहा वर्षे लागत असतील तर जुनाच चालू द्या.

प्रश्न : नेहमीचे पाकीट त्याच किमतीला मिळते, पण हल्ली महिनाभर पुरत नाही. आमचाच भास आहे का?

भास नाही. पाकिटावरचे निव्वळ वजन वाचा. १०० ग्रॅमचे पाकीट ८५ ग्रॅमवर आले आणि किंमत तीच राहिली, तर वस्तू १७.६ टक्के महागली. जुन्या पाकिटाचा वजन छापलेला तुकडा कापून डब्यात ठेवा, पुढच्या खरेदीला लगेच ताडता येतो. दुकानात किंमत भागिले वजन एवढेच करा. मोठे पाकीट दर वेळी स्वस्त पडतेच असे नाही. '२० टक्के जादा मोफत' ही प्रत्यक्षात १६.७ टक्के सूट असते, आणि 'तीनवर एक मोफत' ही २५ टक्के, तीही चारही नग वापरून संपणार असतील तरच. साबण, डिटर्जंट यांचा हिशोब वजनावर न करता एका धुण्याला किती लागते यावर करा.

प्रश्न : वर्षाचे धान्य एकदम भरले तर स्वस्त पडते, पण किडे लागतात. काय चुकते?

बहुतेक वेळा किडा डब्यात नंतर शिरत नाही. सोंडकिड्याची अंडी दाण्याच्या आतच आलेली असतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत. थोडे धान्य असेल तर एक-दोन किलोच्या हवाबंद पिशव्या करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. गार दाण्यांवर हवेतले पाणी धरते आणि मग बुरशी येते. पिशवी पूर्ण सामान्य तापमानाला आली की मगच डब्यात भरा. जास्त धान्य असेल तर ते कोरडे असल्याची खात्री करून लहान-लहान डब्यांत काठोकाठ भरा, आणि जुन्यावर नवे कधी ओतू नका.

पैशांचे गणितही करा. ४० किलो १५ टक्के स्वस्त मिळाले आणि ६ किलो टाकावे लागले, तर लाभ शून्य. पीठ आणि तेल साठवू नका. दळल्यावर धान्यातला स्निग्धांश हवेशी येतो आणि पीठ खवट होते. अख्खे धान्य टिकते, पीठ टिकत नाही.

प्रश्न : पाण्याचा वापर आटोक्यात येत नाही. नळ थोडासा ठिबकतो, पण त्याने कितीसे जाणार?

नळाखाली मापाचा पेला १० मिनिटे ठेवा, जमलेल्या पाण्याला १४४ ने गुणा. ५० मिलिलिटर जमले तर दिवसाला ७.२ लिटर गेले. फ्लशची टाकी याहून जास्त पाणी गमावू शकते आणि तिचा आवाजही होत नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे आठ-दहा थेंब टाकून अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाची रबरी झडप नीट बसत नाही. तिच्या बैठकीवरचे क्षार पुसून पाहा, तरी थांबले नाही तर झडप बदला. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्यांनी हे रबर लवकर खराब होते. पाण्याची पातळीही बघा : ती ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर खाली हवी, नाहीतर फ्लोट (पाण्यावर तरंगणारा गोळा) खाली करा.

ठिबकणाऱ्या साध्या नळासाठी मुख्य कॉक बंद करा, नळ उघडून उरलेले पाणी जाऊ द्या आणि बेसिनच्या जाळीवर फडके ठेवा म्हणजे स्क्रू आत पडणार नाही. मूठ काढा, पान्याने नट सोडवा, स्पिंडल (नळाची आतली दांडी) बाहेर घ्या. टोकाचा रबरी वॉशर सोबत नेऊन त्याच मापाचा आणा. नवा वॉशर काही आठवड्यांत पुन्हा गळू लागला तर तो ज्यावर टेकतो ती पितळी सीट खरबरीत झालेली असते. ती घासून सपाट करून घ्यावी लागते, नुसते वॉशर बदलून भागत नाही. नळ जोर लावून आवळण्याची सवयही सोडा, रबर चिरडते. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नळात वॉशर नसतो, त्याचे अख्खे कार्ट्रिज (पाणी अडवणारा आतला भाग) बदलावे लागते.

प्रश्न : रोजचा खर्च लिहितो. तरी दोन-तीन महिन्यांनी एखादा मोठा खर्च सगळे गणित मोडतो.

तुमच्या वहीत रोजचे आहे, वर्षाचे नाही. विम्याचा हप्ता, शाळेची फी, कर, वाहनाची दुरुस्ती, चष्मा, दात : मागच्या बारा महिन्यांचे बँकेचे उतारे घेऊन असे सगळे खर्च महिन्यासह एका कागदावर उतरवा. बेरजेला १२ ने भागा आणि ती रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका, उरेल तेव्हा नव्हे. पहिल्याच वर्षी इथे एक खड्डा असतो. जो खर्च चार महिन्यांवर आला आहे त्याला १२ ने नव्हे, ४ ने भागायचे. ते जमत नसेल तर एखादा पुढे ढकलता येणारा खर्च आत्ताच निवडून ठेवा, वेळ आल्यावर नव्हे.

प्रश्न : बिनव्याजी हप्त्यांवर वस्तू घ्यावी का?

एकरकमी रोख दिले तर किती सूट, हे आधी विचारा. समजा ८ टक्के सूट आहे आणि ती सोडून तुम्ही १२ मासिक हप्ते निवडले. म्हणजे ९२ ची वस्तू १०० ला उधार घेतली, आणि हा व्याजदर वर्षाला सुमारे १५.७ टक्के पडतो. प्रक्रिया शुल्क असेल तर आणखी वर. सूटच नसेल आणि शुल्कही नसेल तर हप्ते घ्यायला हरकत नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी मात्र साठू देऊ नका. महिन्याला ३ टक्के हा दर चक्रवाढीने वर्षाला ४२.६ टक्के होतो. अशी थकबाकी डोक्यावर असताना बचत खात्यात तातडीच्या गरजेपुरती रक्कम ठेवून बाकी सगळी आधी तिकडे भरा.