बार्सिलोनाला येण्याआधी कोणते सिनेमे पाहावेत, आणि का

ताई, तुम्ही विचारलंत की नवऱ्याला बार्सिलोनात नोकरी लागली आहे, मुलगी आठ वर्षांची आहे, उन्हाळ्यात निघायचं आहे, तर तोवर भाषा कानावर पडावी आणि माणसं कळावीत म्हणून हल्लीचे कोणते स्पॅनिश सिनेमे पाहू? आणि तिथे एकटं वाटेल का? व्हिसा, विमा, फी हे सगळं वकिलातीच्या संकेतस्थळावर आहे, त्यात मी शिरत नाही. सिनेमांबद्दल मात्र भरपूर बोलायचंय, कारण तुमच्या प्रश्नाने माझ्याच मनातलं बरंच काही वर आलं.

सगळ्यात आधी सिनेमाची भाषा तपासा. अलीकडच्या नावाजलेल्या स्पॅनिश सिनेमांपैकी कितीतरी स्पॅनिशमध्ये नाहीतच. कार्ला सिमोनचा 'अल्कार्रास' (२०२२) लेइदाकडच्या ग्रामीण कॅटलानमध्ये, म्हणजे बार्सिलोना ज्या कॅटलोनियात आहे तिथल्या भाषेत आहे, रोद्रिगो सोरोगोयेनच्या 'आस बेस्तास'मध्ये (२०२२) गालिसियन (वायव्य स्पेनमधल्या गालिसियाची भाषा), फ्रेंच आणि स्पॅनिश मिसळून येतात. नुसती स्पॅनिश शिकून बार्सिलोनात उतरलात तर दुकानात अडणार नाही, पण शाळेच्या दारात अडेल.

'अल्कार्रास' पहिला पाहा. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात गोल्डन बेअर हे सर्वोच्च पारितोषिक मिळालेला हा पहिला कॅटलान सिनेमा, आणि त्यातली बहुतेक माणसं व्यावसायिक नट नाहीत, त्याच भागातली आहेत. सोले कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या पीचची बाग कसतंय, जमीन पिन्योल घराण्याची. स्पेनच्या यादवी युद्धात (१९३६-३९) सोल्यांनी पिन्योलांना लपवलं, त्या उपकाराची फेड म्हणून जमीन तोंडी दिली गेली. आता नव्या मालकाला तिथे सोलर पॅनेल लावायची आहेत. घरात कागद शोधतात, आणि करारपत्र नावाची गोष्टच नाही. कुळकायद्याच्या गोष्टी ऐकत मोठे झालेल्या आपल्याला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. बघायचं ते भांडण कसं सरकतं ते: मालकाशी असलेला तंटा हळूहळू मेहुणा-मेहुण्यात येतो, मग बहिणी-बहिणींत, आणि मग मुलांचं एकमेकांकडे खेळायला जाणं बंद होतं. इथले नात्यांचे सिनेमे बहुधा असेच आहेत. भांडण घरातलं, मूळ मात्र जमिनीत, कायद्यात किंवा जुन्या युद्धात.

कागदावरून आठवलं. बार्सिलोनात घर बघताना 'तेम्पोरादा' म्हणजे हंगामी करार आहे का, हे सही करण्याआधी विचारा. नेहमीच्या राहत्या घराच्या करारात, मालक व्यक्ती असेल तर, भाडेकरूला पाच वर्षांपर्यंत राहण्याचं संरक्षण असतं. हंगामी करार बहुतेकदा अकरा महिन्यांचा, आणि त्यात हे संरक्षण नाही. दुसरं, पत्त्याची नगरपालिकेत नोंद, म्हणजे 'एम्पाद्रोनामिएन्तो', करू देणार का, ते लेखी घ्या. 'हो हो, बघू' असं तोंडी उत्तर म्हणजे बहुतेक वेळा नाही. ही नोंद नसेल तर शाळेचा प्रवेश आणि आरोग्य केंद्राचं कार्ड अडकतं, परदेशी ओळखपत्राच्या वेळीही बहुधा तीच मागतात.

आणि नाव! इथल्या प्रत्येक फॉर्मवर नाव, पहिलं आडनाव, दुसरं आडनाव असे तीन रकाने असतात. आपलं स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव हेही तीनच, त्यामुळे खिडकीवरचा माणूस मधलं नाव बिनदिक्कत पहिलं आडनाव म्हणून टाकतो. बँकेत एक, नगरपालिकेत दुसरं, ओळखपत्रावर तिसरं असं झालं की पुढची प्रत्येक अपॉइंटमेंट त्यातच जाते. उपाय एकच: पासपोर्टाच्या खालच्या यंत्रवाचनाच्या ओळीत जे आडनाव तेच पहिलं आडनाव, बाकी सगळं नाव, दुसरा रकाना रिकामा. सही करण्याआधी पडद्यावरचं नाव अक्षरन्‌अक्षर वाचा. जन्मदाखल्याचं शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) झाल्यानंतरच करून घ्या, आधी नको. अपोस्टीलचंही भाषांतर लागतं, नाहीतर दोनदा पैसे जातात. दाखल्यावरच्या इंग्रजी रकान्यातलं स्पेलिंग पासपोर्टशी जुळत नसेल तर ते तिकडेच दुरुस्त करा. इथून ते होत नाही.

मार्सेल बारेनाचा 'एल ४७' (२०२४) बार्सिलोनाचाच आहे, तो चुकवू नका. एक्स्त्रेमादुरासारख्या गरीब भागांतून आलेल्यांनी डोंगरउतारावर तोरे बारो ही वस्ती उभी केली. सिनेमाच्या सुरुवातीला रात्रभर राबून भिंती उभ्या करणारे लोक दिसतात, कारण पहाटेपर्यंत छप्पर चढलं तर घर पाडता येत नसे. वस्तीत बस जाऊ शकत नाही असं अधिकारी सांगत राहिले, म्हणून १९७८ मध्ये मानोलो विताल या चालकाने ४७ नंबरची बसच वर नेली. ही घडलेली गोष्ट आहे. त्यातला बाहेरून आलेला माणूस कॅटलान शिकण्यासाठी जी खटपट करतो, ती नीट बघा. याच शहरात दोन पिढ्यांपूर्वी देशातल्या देशातच लोक असे उपरे होते. ते माहीत असलं की आजच्या शेजाऱ्याचा भाषेचा हट्ट तुम्हाला आकस वाटणार नाही.

'आस बेस्तास' मात्र मन घट्ट करून पाहा. गालिसियातल्या ओस पडत चाललेल्या खेड्यात एक फ्रेंच जोडपं सेंद्रिय भाजी पिकवतं, पडकी घरं दुरुस्त करतं, आणि पवनचक्क्यांच्या ठरावाला नकार देतं. शेजारच्या दोन भावांना तेच पैसे सुटकेचे वाटतात. बहुतेक जण डोमिनोच्या टेबलावरचा ताण लक्षात ठेवतात. मला महत्त्वाचा वाटतो तो उत्तरार्धातला आई-मुलीचा वाद. मुलगी म्हणते, निघ इथून. आई निघत नाही. 'परत का येत नाहीस' या प्रश्नाचं उत्तर ज्याला नीट देता येत नाही, त्याला हा प्रसंग सोडत नाही. मला तरी अजून सोडलेलं नाही.

राजकारणासाठी दोनच सांगते. पेद्रो आल्मोदोवारचा 'माद्रेस पारालेलास' (२०२१) दोन आयांची गोष्ट सांगता सांगता यादवी युद्धातल्या सामूहिक थडग्यांपर्यंत जातो. हा विषय इथे इतिहासाच्या पुस्तकातला नाही, २००७ आणि २०२२ असे दोन कायदे त्यावर झाले आहेत. इसियार बोयाइनचा 'माइशाबेल' (२०२१) त्या बाईचा आहे, जिच्या नवऱ्याला एता या बास्क प्रदेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या लोकांनी २००० साली मारलं आणि जी पुढे त्याच्या मारेकऱ्यांना समोरासमोर भेटली. हे दोन पाहिलेत की जेवणाच्या टेबलावर 'तुमच्या आजोबांची बाजू कुठली?' असं सहज विचारणार नाही तुम्ही. कॅटलोनियाच्या स्वातंत्र्याबद्दलही पहिलं वर्षभर ऐका, मत देऊ नका. २०१७ च्या सार्वमतावरून एकाच घरातली माणसं दुरावलेली आहेत.

आता शाळा. हा मुद्दा मला अजून बोचतो, म्हणून जरा लांबवते. १९८३ च्या भाषा कायद्यानंतर इथल्या सरकारी शाळांचं माध्यम हळूहळू कॅटलान झालं. वर्ग ठरतो तो जन्माच्या कॅलेंडर वर्षावरून, तिकडे कितवी झाली त्यावरून नाही. मुलगी डिसेंबरातली असेल तर ती वर्गात सगळ्यांत लहान ठरेल. नेहमीच्या प्रवेशाची मुदत वसंतातच संपते. नंतर येणाऱ्यांना 'मात्रिकुला विवा'तून, जिथे जागा उरली असेल तिथे घालतात, म्हणजे घराजवळची शाळा मिळेलच असं नाही. नवीन मुलांसाठी भाषेचा स्वागतवर्ग असतो, तो त्या शाळेत आहे का ते आधी विचारा.

'मूल सहा महिन्यांत भाषा उचलतं' असं सगळे सांगतील. उचलतंही. पण त्या सहा महिन्यांत घरी धबधब्यासारखं बोलणारं मूल प्रगतिपुस्तकात 'अबोल' ठरतं, गणित येत असून 'मागे' ठरतं, आणि तो शिक्का भाषा आल्यावरही लवकर पुसला जात नाही. इथे भागाकार वेगळा मांडतात: भाज्य डावीकडे, भाजक उजवीकडे चौकटीत, भागाकार त्याच्या खाली, आणि मधली वजाबाकी बरेचदा मनातच करायची. दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम. हे शिक्षिकेला माहीत नसतं, मुलीला सांगता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी एक पान कॅटलानमध्ये लिहून न्या: ती कुठली पुस्तकं वाचते, पाढे कुठवर येतात, भागाकार कसा मांडते, तिला कशाची भीती वाटते. आणि कार्ला सिमोनचाच 'एस्तिऊ १९९३' (२०१७) तुम्ही दोघांनी पाहा, मुलीशिवाय. आईवडील गेल्यावर मामाच्या घरी राहायला आलेली सहा वर्षांची फ्रिदा, आणि तिच्या डोक्यावरून चाललेली मोठ्यांची कुजबुज. नव्या घरात मूल हट्टी वागतं तेव्हा आत काय चाललेलं असतं, ते त्यात दिसतं.

एकटेपणाचं विचारलंत. तो पहिल्या हिवाळ्यात असतो, मग माणसं मिळतात, मराठी माणसंही मिळतात. त्याचा फार विचार करू नका. ज्याचा करायचा ते वेगळंच आहे, आणि ते आलाउदा रुइस दे आसुआच्या 'सिंको लोबितोस'मध्ये (२०२२) आहे. नुकतीच बाळंत झालेली आमाइया आईच्या आधाराला बास्क किनाऱ्यावर माहेरी येते आणि तिथे आईच आजारी पडते. बाळाची दुपटी आणि आईची औषधं एकाच घरात, एकाच मुलीच्या हातात. बघताना मला हेवा वाटला. तिला निदान काही तासांत माहेर गाठता येतं. आपल्याला पालक इथे आणायचे म्हटले तर साधारणपणे ते पासष्टीच्या पुढचे हवेत, आपल्यावर अवलंबून आहेत हे दाखवता यायला हवं, आणि आपल्याकडे दीर्घ मुदतीचा निवासी परवाना हवा, तो मिळतो पाच वर्षांनी. तोवर फक्त भेटीचा व्हिसा, १८० दिवसांत ९० दिवस. हे गणित निघण्याआधी भावाबहिणींशी बसून करा: कोण राहणार, पैसे कोण पाठवणार, रात्री फोन कोण उचलणार. इतकी वर्षं झाली, माझ्याकडे याचं धड उत्तर नाही. आणि नाही हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

पाहण्याची पद्धत: एका वेळी दहा मिनिटं. आधी उपशीर्षकांशिवाय, मग स्पॅनिश उपशीर्षकांसह, इंग्रजी लावूच नका. लोक एकमेकांचं वाक्य तोडून बोलतात, ते कानाला सवयीचं होऊ द्या. इथे आल्यावर थिएटरच्या फलकावर 'व्ही.ओ.एस.ई.' असेल तर मूळ आवाज आणि स्पॅनिश उपशीर्षकं, तसं नसेल तर परदेशी सिनेमा बहुधा डब केलेला. हुकूमशहा फ्रँकोने १९४१ मध्ये डबिंग सक्तीचं केलं, त्याची सवय अजून आहे. ग्रासिया भागातलं व्हेर्दी थिएटर आणि रावाल भागातलं फिल्मोतेका, म्हणजे कॅटलोनियाचं चित्रपट-संग्रहालय, ही दोन ठिकाणं धरून ठेवा, फिल्मोतेकात तिकीट फार स्वस्त आहे. सरकारी वाहिनीच्या आर.टी.व्ही.ई. प्ले वर पुष्कळ स्पॅनिश सिनेमे फुकट असतात, पण हक्कांमुळे भारतातून सगळे उघडत नाहीत, तोवर फिल्मोत्सवांकडे लक्ष ठेवा. पत्त्याची नोंद झाली की त्याच आठवड्यात नगर वाचनालयाचं कार्ड काढा. फुकट आहे, डीव्हीडी घरी मिळतात, आणि मुलांच्या विभागात कॅटलान गोष्टी वाचून दाखवण्याचे कार्यक्रम असतात. मुलीला पहिल्याच आठवड्यापासून तिथे न्या.